भाडेकरारात शिरलेलं मृत्युपत्र

मंगळवेढ्याच्या एका गृहस्थांचा सोलापुरात गाळा आहे. त्यांचा भाडेकरार मी टाईप करून दिला होता. तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन परत दुकानात आले. हसत आले, म्हणून मी आधी घाबरले नाही.

"बाई, आमी गाळा भाड्यानं दिला का सुनेला बक्षीस दिला?"

"काय झालं?"

"वाचा की. तिसरं पान. खाली."

सोलापूरच्या सात रस्त्याजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं, अर्ज. आमच्या कामात कागदावर कोरी जागा सोडत नाहीत. मजकूर संपला आणि सह्यांच्या आधी पान उरलं, की ते आडव्या रेघांनी भरून टाकायचं, म्हणजे मागाहून कुणी तिथे दोन ओळी घुसडू शकत नाही. मी रेघेची कळ दाबून धरते आणि पान भरेपर्यंत बोट उचलत नाही. त्या तिसऱ्या पानावर निम्म्यापर्यंत रेघा होत्या. त्यानंतर रेघांच्या जागी हे होतं:

"सदर दोन खोल्यांचे घर माझ्या पश्चात माझ्या मयत थोरल्या मुलाच्या पत्नीस मिळावे. माझा धाकटा मुलगा यास त्यात कोणताही हक्क राहणार नाही, कारण तो मला व माझ्या सुनेस"

तिथेच तुटलं होतं.

"तो काय करतो, ते फुडचं आलंच न्हाय," गृहस्थ म्हणाले. "लई रंगात आलं हुतं. कोन म्हातारी ही?"

"कोणी नाही. नमुन्याचा मसुदा आहे, चुकून चिकटला."

"नमुना चांगला हाय," ते म्हणाले.

मी त्यांच्या हातातून तिन्ही प्रती घेतल्या, नवा करार छापून दिला आणि ते गेल्यावर जुन्या प्रतींचे बारीक तुकडे केले. मजकूर नमुन्याचा नव्हता.

म्हातारी आमच्याच भागातली. तेलुगू घरातली, जन्मभर विड्या वळणारी. आम्ही तिला अम्मा म्हणतो. घर तिच्या स्वतःच्या नावावर. थोरला मुलगा वारला, त्याची बायको सासूजवळच राहते आणि तीही विड्या वळते. धाकटा रिक्षा चालवतो, पितो, आणि प्यायला की दोघींवर हात उचलतो. घर आपल्यालाच मिळणार हे त्याने धरून ठेवलेलं आहे. सुनेला मिळणार हे कळलं तर अम्मा जिवंत असतानाच तो सुनेला बाहेर काढेल, हे अम्माला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं. मृत्युपत्र करायला ती एकटी आली. दाराकडे तोंड करून बसली आणि एकेक वाक्य हळू आवाजात सांगितलं. मी तिला म्हटलं होतं, "अम्मा, कागद तुमच्या पेटीत आणि मजकूर माझ्या पोटात."

तो मजकूर आता मंगळवेढ्यापर्यंत जाऊन आला होता.

हे कसं झालं ते शोधणं भाग होतं. माझी बोटं जुन्या मराठी फॉन्टच्या कळफलकावर तयार झालेली. गेल्या वीस-बावीस वर्षांचे माझे सगळे मसुदेही त्याच फॉन्टमध्ये आहेत. आता सगळीकडे युनिकोड लागतं, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारं मराठी. म्हणून मी जुन्यात टाईप करते आणि दिवसाचं काम एका फोल्डरमध्ये ठेवून एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने युनिकोडमध्ये बदलून घेते. त्याला खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर मारायचं, सगळ्या फायली ओळीने बदलून निघतात. त्याचा कोडही सगळ्यांसाठी उघडा आहे. मला तो फार आवडायचा, कारण तो बडबड करत नाही.

मी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि तपासायला बसले. आधी आठ दिवसांचे सगळे कागद उघडून पाहिले. दुसरीकडे कुठे असलं काही नव्हतं. मग खोट्या मजकुराच्या फायली करून पाहिल्या. रेघांची ओळ एक हजार चोवीस अक्षरांपर्यंत असली, की सगळं ठीक. त्यापुढे एक रेघ जास्त झाली, की रेघेच्या जागी अक्षर. आणि ते अक्षर कायम आधीच्या फाईलमधलं.

दुपारपर्यंत मला कळलं. प्रोग्रामने एका ओळीसाठी ठरावीक जागा राखलेली. ओळ लांब आली तर तो मावेल तेवढीच आत घ्यायचा, पण बाहेर काढताना मूळ लांबी मोजून काढायचा. आपलं पान संपलं तरी थांबायचा नाही, शेजारच्या पानावरचं वाचत जायचा. शेजारी काय, तर आधीच्या फाईलचा मजकूर. काम झाल्यावर टाकून दिलेला, पण पुसलेला नाही. त्या दिवशी फोल्डरमध्ये करारनाम्याच्या आधी मृत्युपत्र होतं. इतर टायपिस्ट ओळीच्या शेवटी एंटर मारतात. मी मारत नाही, कारण मजकूर आपोआप खालच्या ओळीवर जातो. त्यामुळे माझं अर्धं पान प्रोग्रामला एकच ओळ वाटायचं.

आणखी किती लांब जातं ते बघावं म्हणून मी मूळ फोल्डरवरच, रेघा चौपट करून, पुन्हा चालवलं. प्रोग्राम कोसळला. मागे एक मोठी फाईल सोडून गेला. कोसळताना मेमरीत जे होतं ते जसंच्या तसं तिच्यात उतरलेलं असतं. उघडून पाहिली तर कंस, टक्के, उद्गारचिन्हं, रोमन अक्षरांचा चिवडा. मराठीचं एक अक्षर नाही.

दोष कळवायचा असेल तर त्या प्रोग्रामच्या साईटवर एक फॉर्म आहे. वरच लिहिलं होतं, की सुरक्षेचे दोष इथे लिहू नका, वेगळ्या पत्त्यावर खाजगीत कळवा. ते मी वाचलं. सुरक्षा म्हणजे बँका, पासवर्ड, चोऱ्या. आपलं काय, फॉन्टचं काम. मी पुढे गेले. साध्या इंग्रजीत मुद्देसूद लिहिलं: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. मृत्युपत्र जोडलं नाही. करारनामा जोडला नाही. तेवढी अक्कल मला होती. पण आमच्या धंद्यात सोबत कागद न जोडलेला अर्ज म्हणजे अर्जच नाही; खिडकीवरूनच परत येतो. पुरावा हवा. म्हणून ती कोसळल्यानंतरची फाईल झिप करून जोडली. चिवडाच तर होता. दोष कळवला, आपलं काम झालं, असं वाटून मी जेवायला घरी गेले.

परत आल्यावर ती फाईल माझ्या पडद्यावर उघडीच होती. पुसून टाकावी म्हणून हात पुढे केला आणि थांबले. इतकी वर्षं जुन्या फॉन्टवर टाईप केल्यावर कुठल्या अक्षराला कुठली कळ हे डोक्याला विचारावं लागत नाही, बोटांनाच माहीत असतं. त्या चिवड्यात एक तुकडा होता आणि तो वाचताना माझी बोटं आपोआप हलली. सुनेस. पुढे पाहिलं. घर. मयत. मग अम्माचं पूर्ण नाव, बापाचं नाव, घराचा नंबर, गल्ली.

तो चिवडा नव्हताच. ते जुन्या फॉन्टमधलं अख्खं मृत्युपत्र होतं, फक्त फॉन्ट लावलेला नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये खाली रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट लावला की तीच मराठी होऊन वाचता येतात. आणि ते मी स्वतःच्या हाताने चव्हाट्यावर टांगून जेवून आले होते.

साईटवर जाऊन मी फाईलची जोडणी काढली. मग खात्री करावी म्हणून जुना दुवा उघडला, तर फाईल उतरायला लागली. तक्रारीतून गेली होती, जागेवरून गेली नव्हती. मी तो दुवा चार वेळा उघडला आणि चारही वेळा फाईल आली.

प्रोग्राम लिहिणारा माणूस मराठीच, नोकरीसाठी बाहेरदेशी असलेला. त्याला त्या खाजगी पत्त्यावर लिहिलं, आता. इंग्रजी लिहायला वेळ नव्हता, मराठीत लिहिलं. तासाभराने उत्तर आलं.

"ताई, हा फॉन्टचा दोष नाही. एकाचा मजकूर दुसऱ्याला दिसतो म्हणजे हाच सुरक्षेचा दोष. फॉर्मवर वर लिहिलंय."

"वाचलं होतं. मला वाटलं ते बँकांसाठी असतं."

"फाईल मी साईटवाल्यांना सांगून काढवतोय. आज निघेल. पण मधल्या वेळात ज्यांनी उतरवून घेतली, त्यांच्याकडून परत आणता येत नाही."

"कोणाकोणाला गेली?"

"तक्रारीची मेल प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्या नोंदलेल्यांना जाते. दुवा तिच्यात असतो. उघडली किती जणांनी हे मला दिसत नाही."

"परदेशातले लोक असतील ना? त्यांना काय कळणार?"

"ताई, हा प्रोग्राम आपल्याशिवाय वापरतं कोण? नोंदलेले सगळे आपल्याकडचेच टायपिस्ट आहेत."

म्हणजे सगळ्या जगात तो चिवडा ज्यांना वाचता येतो, नेमक्या त्यांनाच मी तो पाठवला होता. आणि त्यातला एक माझ्या भिंतीपलीकडे बसत होता.

शेजारच्या गाळ्यातल्या टायपिस्टाला हा प्रोग्राम मीच टाकून दिला होता. नवं काही आलं की कळावं म्हणून त्याचा मेलही मीच नोंदवला होता. माणूस वाईट नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. आणि त्याचा दोन वेळचा चहा बाहेरच्या रिक्षा स्टँडवर होतो. अम्माचा धाकटा त्याच स्टँडवर असतो.

मी उठून त्याच्याकडे जाणार, तर तोच दारात आला.

"बाई, तुमची तक्रार आली मेलवर. लई इंग्रजी लिवलंय की तुमी. आमाला वाटलं फकस्त प्रतिज्ञापत्राचंच येतंय."

"वाचली?"

"इंग्रजी कोन वाचतंय? ती झिप उतरवली. नुसता कचरा हाय."

"उघडली?"

"उघडली म्हनून तर कचरा म्हनतोय."

डिलीट कर म्हणावं, तर याला वाटणार यात काहीतरी आहे. न म्हणावं, तर फाईल त्याच्या मशीनवर पडून राहणार. एक दिवस चुकून फॉन्ट लागला की संपलं. मी खोटं बोलले.

"त्यात व्हायरस निघालाय. माझं मशीन बंद पडलं."

"आयला! मग आदी सांगायचं न्हाय व्हय?" तो पळाला. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "केली डिलीट! रिकामी केली कचऱ्याची टोपली बी!"

केली असेल. कदाचित टोपली रिकामी करायच्या आधी, म्हणजे व्हायरस कसला ते बघावं म्हणून, पुन्हा उघडलीही असेल. मला विचारता येत नव्हतं.

दोन दिवस मी काम करत होते, पण कान स्टँडकडे. बाहेर कुणी मोठ्याने बोललं की हात थांबायचा. दोष दुरुस्त झाला. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली, त्या माणसाने तिच्या टिपणात माझे आभार मानले. मला त्याचं काही वाटलं नाही. नवी आवृत्ती टाकली, खोट्या फायलींवर तपासली, रेघांच्या जागी रेघाच आल्या. तेवढं काम तरी नीट झालं. पण जे बाहेर गेलं ते गेलं होतं, आणि ज्या बाईचं गेलं तिला पत्ताच नव्हता. न सांगता राहणं सोपं होतं. धाकट्याला काही कळलं नाही, तर अम्मालाही कधी कळलं नसतं. पण कळलं, तर रात्री-अपरात्री सून दाराबाहेर आणि अम्माला का ते माहीत नाही, असं झालं असतं. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी विड्या जमा करायच्या वेळी मी कारखान्याच्या शाखेत गेले. बायकांची रांग होती. अम्मा पुढे होती, सून सात-आठ बायका मागे. अम्माला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. प्रोग्राम, मेमरी वगैरे नाही. एवढंच, की तुमचा कागद माझ्या चुकीने बाहेर गेला आणि काही लोकांना वाचता येईल असा गेला.

तिने मागे रांगेतल्या सुनेकडे एकदा पाहिलं.

"कुनी वाचला?"

"माहीत नाही, अम्मा."

"त्याला कळलं का?"

"ते पण माहीत नाही."

"मग तुला म्हाईत काय हाय, बिड्डा?"

बिड्डा म्हणजे लेकरू. प्रेमाने नाही म्हणाली.

"पोटात ठेवते म्हनलीस की तू. तुज्या पोटाला भोक हाय का?"

तिने विड्यांची टोपली जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली.

"आता काय करायचं?"

"नवं मृत्युपत्र—"

"ते घिऊन काय करू? मी मरायच्या आदी त्येला कळलं तर मेल्यावरचा कागद काय कामाचा? आत्ता घर तिच्या नावावर हुतंय का?"

"होतं. बक्षीसपत्र करायचं, नोंदवायचं. पण अम्मा, ते केलं की घर तुमचं राहत नाही. मग ते मागे घेता येत नाही. आज ती चांगली आहे. उद्या तिने तुम्हालाच बाहेर..."

"मला शिकवती व्हय? तुज्यामुळं करतीय मी हे."

ते खरं होतं. तिने मरेपर्यंत घर हातात धरून ठेवायचं ठरवलं होतं, कारण तेवढाच तिचा धाक होता, मुलावर आणि सुनेवरही. तो मी सोडायला लावत होते.

त्याच दुपारी शेजारचा टायपिस्ट सहज म्हणाला, "ती तेलगू अम्मा तुमच्याकडं आली हुती न्हवं? घराचं काय तरी चाललंय म्हनं."

"कोण म्हणालं?"

"कोन न्हाय. असंच."

आता मला थांबवेना. बक्षीसपत्र त्याच दिवशी तयार केलं. अम्माला मरेपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राहील, असं कलम घातलं. तिने विचारलं नव्हतं, मी घातलं. कलमाने कोणी म्हाताऱ्या माणसाला ताट वाढत नाही हे मला माहीत आहे, तरी घातलं. नोंदणीची वेळ मिळवली. सुनेला अम्माने काय सांगितलं मला ठाऊक नाही.

नोंदणीच्या दिवशी रिक्षा करायची सोय नव्हती. स्टँडवरचे सगळे रिक्षावाले धाकट्याला ओळखतात. मी स्कूटरवर दोन फेऱ्या केल्या, आधी अम्मा, मग सून. सून मागे बसली होती. सिग्नलला एक रिक्षा शेजारी येऊन थांबली, तेव्हा तिने पदर तोंडावर ओढला आणि माझ्या खांद्यात तिची बोटं रुतली.

कार्यालयात अम्माचा अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर तंबाखू आणि पानं हाताळून बोटं गुळगुळीत झालेली.

"अम्मा, पुसून ठेवा," कारकून म्हणाला.

"पुसून काय हुतंय? झिजलाय त्यो."

दुसरं बोट, तिसरं बोट. मशीन लाल दिवा दाखवायचं. मी सारखी दाराकडे बघत होते. त्या तासाभरात आत येणारा प्रत्येक खाकी शर्ट मला धाकटा वाटला. कारकुनाने अम्माच्या बोटाला पाणी लावलं, मशीन पुसलं, दाबून धरलं. सातव्या वेळेला हिरवा दिवा लागला. फोटो झाले. साक्षीदार म्हणून मी सही केली, दुसरी माझ्या जावेने, तिला मी तिथेच बोलावून घेतलं होतं. कागद मिळाले.

बाहेर येऊन मी स्कूटर काढली. आता पुन्हा दोन फेऱ्या. पहिल्यांदा कोणाला नेऊ, हे विचारायला वळले. अम्मा सुनेकडे बघत होती. कागदांची पिशवी सुनेच्या हातात होती.

"काय गं," अम्मा म्हणाली, "मला घरात घेतीस न्हवं आता?"

ती थट्टा करत होती. निदान तोंड तरी थट्टेचं होतं. सून हसली नाही. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, कागद आत नीट बसलेत का ते पाहिलं. मी स्कूटरच्या हँडलला धरून उभी होते आणि तिने काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत होते. त्या आठवड्याभरात कितीदा घाबरले, पण तेवढी कधी घाबरले नव्हते.

"आदी घरी चला, आत्या," ती म्हणाली. "भात टाकायचाय."

अम्मा माझ्या मागे बसली. सुनेच्या त्या बोलण्यात हो होतं का नाही, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या गल्लीवरून जाते. वाट थोडी लांबची पडते. अम्मा ओट्यावर सुपात विड्या घेऊन बसलेली दिसली, की मग मी पुढे जाते.